टाइपरायटर नावाची बाई

'व्हर्च्युअल असिस्टंट' असं गूगलमध्ये टाकलं की आधी यंत्रंच अंगावर येतात. सिरी, अलेक्सा, बँकेच्या साइटवर कोपऱ्यात बसून "मी आपली काय मदत करू?" विचारणारे चॅटबॉट. माणसंही सापडतात, पण जरा खाली उतरावं लागतं. गंमत म्हणजे हा शब्द आधी माणसांचा होता. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत काही बायकांनी स्वतःला व्हर्च्युअल असिस्टंट म्हणवून घ्यायला सुरुवात केली. साहेबाचं ऑफिस एका गावात आणि त्याची सेक्रेटरी दुसऱ्याच गावात, स्वतःच्या घरी, स्वतःच्या कंप्युटरसमोर. सिरी आयफोनवर आली २०११ मध्ये. म्हणजे यंत्रांनी शब्द ढापला, तो माणसांकडून.

असं पहिल्यांदाच होतंय असंही नाही. 'कंप्युटर' हा शब्द विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आकडेमोड करणाऱ्या माणसांसाठी वापरला जायचा. आणि उलटा प्रवासही झालेला आहे. १८८०-९० च्या सुमाराला अमेरिकेत 'टाइपरायटर' म्हणजे ते यंत्रही आणि ते चालवणारी बाईसुद्धा! साहेबाने आपल्या टाइपरायटरशी लग्न केलं, असले विनोद तेव्हा जोरात चालायचे.

या सगळ्यात मी का शिरलो, तर माझी मावसबहीण. पुण्यात सात वर्षं टेस्टिंगमध्ये होती. बाळ झालं, नोकरी सुटली, आणि आता दीड वर्ष ती इंग्लंडमधल्या दोन-तीन छोट्या व्यावसायिकांसाठी घरून काम करते. कुणाचा इनबॉक्स सांभाळ, कुणाच्या अपॉइंटमेंटी लाव, कुणाची इन्व्हॉइसं पाठव. पैसे बरे मिळतात. पण एकदा फोनवर म्हणाली, "अरे दादा, सगळं ठीक आहे, पण याला करिअर म्हणायचं का? की नुसतीच सोय?" आमच्या घरात कुणाला काही विचारलं की त्याने उत्तर द्यायच्या ऐवजी इतिहास सांगायचा अशी पद्धत आहे, त्यामुळे मी वाचायला घेतलं. तीन वीकेंड गेले.

करिअर म्हणजे काय याची माझी व्याख्या अगदी साधी आहे. पाच वर्षं काम केल्यावर तुमच्या हातात असं काहीतरी जमा झालेलं असलं पाहिजे जे पहिल्या दिवशी नव्हतं, आणि त्याची किंमत तुम्हाला मिळाली पाहिजे, फक्त साहेबाला नव्हे. दुसऱ्याची पत्रं लिहिणं, त्याची वेळ सांभाळणं या धंद्यात ही गोष्ट कधी जमली, कधी नाही, एवढंच मी शोधत होतो.

आपल्याकडे हे काम काही हलकं नव्हतं. चिटणीस, फडणीस, पारसनीस ही नुसती आडनावं नाहीत, ते हुद्दे आहेत. बाळाजी आवजी चिटणीसांची गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते. महाराजांनी पत्र लिहायला सांगितलं होतं, कामाच्या रगाड्यात ते राहून गेलं, आणि महाराजांनी वाचून दाखव म्हटल्यावर बाळाजींनी कोरा कागद हातात धरून घडाघडा पत्र 'वाचलं'. घडलं असेल-नसेल, इतिहासकार काय ते बघतील. पण गोष्ट टिकली ती का? कारण चिटणिसाचं मोल त्याच्या अक्षरात नाही, धन्याला काय म्हणायचंय ते धन्याच्या आधी ओळखण्यात आहे, हे ऐकणाऱ्या प्रत्येकाला पटतं. हा मुद्दा जरा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता थेट इंग्लंड. १८३७ मध्ये आयझॅक पिटमनने आपली लघुलिपी छापली. पण मला त्याहून आवडलेली गोष्ट पुढची आहे. १८४० मध्ये ब्रिटनमध्ये एका पेनीत देशात कुठेही पत्र जाईल अशी टपाल व्यवस्था सुरू झाली, आणि पिटमनने लगेच लघुलिपीचे धडे टपालाने शिकवायला घेतले. विद्यार्थ्याने गृहपाठ लिहून पाठवायचा, पिटमन तपासून परत पाठवणार. म्हणजे सेक्रेटरीचं कौशल्य 'ऑनलाइन कोर्स' करून शिकण्याची सोय १८५ वर्षांपूर्वी झाली होती! स्वस्त आणि भरवशाचं दळणवळण आलं की हा धंदा लगेच हलतो, हे तिथून दिसायला लागतं. तेव्हा टपाल होतं, मग टेलिफोन, मग ईमेल.

त्यानंतर टाइपरायटर. मिलवॉकीच्या ख्रिस्तोफर शोल्स आणि मंडळींनी तो बनवला आणि १८७३ मध्ये रेमिंग्टन कंपनीशी करार केला. रेमिंग्टन म्हणजे बंदुका बनवणारी कंपनी. यादवी युद्ध संपल्यावर बंदुकांचा खप बसला, म्हणून ती शिवणयंत्रांकडे वळली होती. १८७४ मध्ये बाजारात आलेला पहिला टाइपरायटर दिसायलाही शिवणयंत्रासारखाच होता. तसंच स्टँड, वर फुलांची नक्षी, आणि कागदाचा गाडा मागे न्यायला पायाखाली पेडल! किंमत १२५ डॉलर, आणि अक्षरं फक्त कॅपिटल. पहिला झटका फारसा खपला नाही. पण आपण आज ज्या क्वर्टी कीबोर्डवर कोड बडवतो तो याच शिवणयंत्राच्या भावंडाचा वारसा.

आता आकडे बघा. अमेरिकेत १८७० मध्ये लघुलेखक-टंकलेखकांमध्ये बायका ५ टक्क्यांहून कमी होत्या. १९०० मध्ये तीन चतुर्थांशाहून जास्त. १९३० मध्ये ९५ टक्क्यांहून जास्त. साठ वर्षांत एक अख्खा पेशा एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला गेला. याचं कारण म्हणून 'बायकांची बोटं नाजूक' वगैरे जे सांगितलं जायचं ते सोडून द्या. खरी कारणं दोन. एक, यंत्र नवीन होतं, त्यामुळे "हे पुरुषांचं काम" असा आधीचा हक्क कुणी सांगू शकत नव्हतं. दोन, शिकलेल्या मुली भरपूर होत्या, त्यांना शिक्षिका होण्यापलीकडे फारशा वाटा नव्हत्या, आणि त्या पुरुषांपेक्षा कमी पगारात मिळत होत्या.

पण माझ्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाचं काय, तर जाता जाता त्या कामातलं काहीतरी काढून घेतलं गेलं. टाइपरायटरच्या आधी पेढीवरचा कारकून हाताने पत्रं लिहायचा, हिशेब लिहायचा, आणि ते करता करता अख्खा धंदा शिकायचा. नशीब चांगलं असेल तर पुढे भागीदार व्हायचा. सगळेच व्हायचे असं नाही. डिकन्सचा बॉब क्रॅचिट थंडीत कुडकुडत पत्रंच उतरवत होता. पण निदान जिना तरी होता. टायपिस्टच्या खुर्चीला जिनाच नव्हता. मोठ्या ऑफिसांनी तर टायपिंग पूल काढले. एका हॉलमध्ये रांगेने मुली, कुणाचं पत्र कुणाकडे जाईल नेम नाही, मोजायचं काय तर मिनिटाला शब्द किती. जिला धंदा दिसत नाही, क्लायंट दिसत नाही, ती शिकणार काय आणि जमवणार काय? वीस वर्षांनीही वेगच वाढलेला, बाकी शून्य.

(आपल्याकडेही ही मोजणी घरोघर माहीत होती. तीस आणि चाळीस! "दहावी झालीस ना, मग टायपिंगच्या तीस-चाळीस देऊन टाक" हे वाक्य ज्यांनी ऐकलं नाही त्यांनी आपल्या आई-मावशीला विचारावं. गल्लीतल्या पहिल्या मजल्यावरचा टायपिंग क्लास, बाहेरपर्यंत येणारा खडखडाट, आणि परीक्षेच्या वेळी स्वतःचं यंत्र आपलंसं करून घ्यायची धडपड. गोदरेजने भारतीय बनावटीचा टाइपरायटर १९५५ मध्ये आणला आणि २००९ मध्ये उत्पादन थांबवलं. मधल्या काळात ती खुर्ची किती मोलाची होती ते मुंबईच्या राजकारणात दिसतं. दक्षिणेतून टायपिंग-शॉर्टहँड शिकून आलेल्या मंडळींनी कंपन्यांमधल्या पांढरपेशा नोकऱ्या पटकावल्या, हा राग 'मार्मिक'मधल्या नावांच्या याद्यांतून बाहेर पडत होता आणि १९६६ मध्ये शिवसेना उभी राहिली त्यात या रागाचा वाटा मोठा होता. मिनिटाला शंभर शब्द घेणं ही तेव्हा थट्टेची गोष्ट नव्हती.)

असो. १९४६ मध्ये डेट्रॉइटला विल्यम रसेल केली नावाच्या माणसाने एक ऑफिस सर्व्हिस काढली. सुरुवातीची कल्पना अशी की कंपन्यांनी आपलं जास्तीचं टायपिंग, नकला काढण्याचं काम त्याच्या ऑफिसात पाठवायचं, त्याची माणसं ते करून परत पाठवणार. हे वाचून मी चमकलो, कारण ही तर आजचीच कल्पना! काम जातं, माणूस जात नाही. पण गिऱ्हाइकांना ते रुचलं नाही. ते म्हणू लागले, काम कशाला पाठवायचं, तुमची मुलगीच आमच्याकडे पाठवा. केलीने पाठवल्या. १९५७ मध्ये कंपनीचं नावच 'केली गर्ल' झालं आणि तात्पुरत्या नोकरांचा प्रचंड मोठा धंदा उभा राहिला.

त्यांची १९७१ मधली एक जाहिरात आता बदनाम आहे. 'कधीच नाही' म्हणणारी मुलगी असा तिचा सूर. ही सुट्टी घेत नाही, पगारवाढ मागत नाही, काम नसेल त्या वेळेचे पैसे घेत नाही, आणि आवडली नाही तर तिचे पैसेही द्यावे लागत नाहीत. मी ही यादी वाचली आणि मला कुठल्या तरी एआय एजंटचं मार्केटिंग वाचतोय असं वाटलं. शब्द बदलले तर कळणारही नाही.

आता येते माझी आवडती बाई.

स्टेफनी शर्ली. जन्म १९३३, जर्मनीतल्या डॉर्टमुंडमध्ये. १९३९ मध्ये ज्यू मुलांना नाझींपासून वाचवण्यासाठी ज्या आगगाड्या इंग्लंडला गेल्या त्यातल्या एकीतून पाच वर्षांची ही मुलगी आली. मोठी झाल्यावर लंडनच्या डॉलिस हिल इथल्या पोस्ट ऑफिसच्या संशोधन केंद्रात नोकरी केली, कंप्युटर शिकली. बायकांना वर कुठे थांबवतात ते नीट अनुभवलं, आणि १९६२ मध्ये ६ पौंड भांडवलावर घरच्या डायनिंग टेबलावरून 'फ्रीलान्स प्रोग्रामर्स' ही कंपनी काढली. विकायचं काय, तर सॉफ्टवेअर. लोक हसले. सॉफ्टवेअर तेव्हा यंत्राबरोबर फुकट मिळायचं, ते विकत कोण घेणार, आणि तेही एका बाईकडून?

नोकरीवर कुणाला घेतलं? लग्न झालं म्हणून किंवा मूल झालं म्हणून ज्यांची नोकरी सुटली होती अशा प्रोग्रामर बायकांना. पहिल्या ३०० जणांत पुरुष फक्त तीन! काम घरून. आता १९६२ मध्ये घरून प्रोग्रामिंग म्हणजे काय याची आपण कल्पना करा. घरी कंप्युटर नाही, कुणाच्याच घरी नाही. बाईने कागदावर फ्लोचार्ट काढायचा, पेन्सिलीने कोड लिहायचा, तो टपालाने पंचिंगला पाठवायचा. तिथे टेप किंवा कार्डं पंच होणार, पडताळ्यासाठी पुन्हा एकदा पंच होणार, आणि मग कुठे ते कंप्युटरच्या आसपास जाणार. नोकरीसाठी अर्ज करणाऱ्यांना विचारायचा एक महत्त्वाचा प्रश्न म्हणजे, तुम्हाला टेलिफोन वापरायला मिळतो का? आपण ब्रॉडबँड चौकशी करतो तसंच.

धंद्याची पत्रं 'स्टेफनी शर्ली' अशा सहीने जायची तेव्हा उत्तरं यायची नाहीत. नवऱ्याने सुचवलं, सही 'स्टीव्ह' अशी कर. उत्तरं यायला लागली! पुढे त्या आयुष्यभर स्टीव्हच राहिल्या. १९६३ मध्ये मुलगा झाला. क्लायंटचा फोन आला की मागे बाळाचं रडणं ऐकू जाऊ नये म्हणून त्यांनी टाइपरायटरच्या खडखडाटाची टेप करून ठेवली होती, फोन वाजला की ती लावायची. झूमवरच्या बॅकग्राउंडला हसणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं :-) आणि बघा, टाइपरायटर पुन्हा आला. ऑफिस म्हणजे काय, तर टाइपरायटरचा आवाज. तो ऐकू आला की समोरच्याची खात्री पटते.

पण हे किस्से कुठेही मिळतील. त्यांच्या धंद्यातली खरी चलाखी मला वेगळीच वाटते. बायका घरून आणि अर्धवेळ काम करतायत हे क्लायंटला दिसू नये, म्हणून त्या ठरावीक किंमत सांगायच्या. अमुक प्रोग्राम, अमुक पौंड. तासांचा हिशेबच नाही. तास सांगितले असते तर क्लायंटने विचारलं असतं, कुठे बसून, किती वाजता, कुणाच्या देखरेखीखाली? किंमत कामाची सांगितली की हे प्रश्नच बाद होतात. कोड मंगळवारी दुपारी लिहिला की बाळ झोपल्यावर रात्री अकराला, याच्याशी कुणालाच देणंघेणं उरत नाही. अडचण झाकायला काढलेली युक्ती होती ती, पण त्याने एक मोठं काम केलं. ठरावीक किंमत सांगायची तर कामाचा अंदाज नेमका लागतो, आणि अंदाज नेमका यायला क्लायंटचा धंदा समजावा लागतो. म्हणजे टायपिंग पूलने जे काढून घेतलं होतं ते या बायकांच्या हातात परत आलं. अशा घरबसल्या बायकांनी कॉन्कॉर्ड विमानाच्या ब्लॅक बॉक्सचं प्रोग्रामिंग केलं. आणि देखरेख? शर्लीबाईंनी नंतर सांगितलं त्याप्रमाणे त्यांची पद्धत एकच होती, माणसांवर विश्वास ठेवा. आणि टेलिफोन.

१९७५ मध्ये ब्रिटनमध्ये लिंगभेदाविरुद्ध कायदा आला आणि त्यांची बायकांनाच घेण्याची पद्धत बेकायदेशीर ठरली, यातला विनोद त्यांनाही कळला असणार. पुढे त्यांनी कंपनीचा मोठा हिस्सा कर्मचाऱ्यांना दिला, आणि त्यातून ७० कर्मचारी मिलियनेअर झाले. हा माझ्या व्याख्येतला दुसरा भाग, किंमत साहेबालाच नाही तर करणाऱ्यालाही. कंपनीने नावं बदलली, १९९७ मध्ये नॉइडाची एक सॉफ्टवेअर कंपनी विकत घेतली, २००१ मध्ये ती 'झान्सा' झाली, २००७ मध्ये फ्रान्सच्या स्टेरियाने तिला घेतलं. नॉइडा, चेन्नई आणि आपल्या पुण्यात त्या कंपनीत काम केलेली मंडळी तुमच्या ओळखीत असतील. बहुतेकांना त्या डायनिंग टेबलाचा पत्ता नसतो. स्टीव्ह शर्ली ऑगस्ट २०२५ मध्ये वारल्या, वय ९१.

व्हर्च्युअल असिस्टंट हा शब्द आला तेव्हा या बाईंच्या धंद्याला ३५ वर्षं होऊन गेली होती. पण भारताच्या दृष्टीने २००५ हे वर्ष महत्त्वाचं. 'एस्क्वायर' मासिकात ए. जे. जेकब्ज नावाच्या लेखकाने एक धमाल लेख लिहिला. त्याने बंगळूरच्या एका कंपनीकडून आणि अजून एका भारतीय कंपनीकडून आपलं आयुष्यच आउटसोर्स केलं. संशोधन, ईमेल, खरेदी, बायकोशी होणारे वाद, आणि शेवटी एका कामाबद्दल काळजी करण्याचं काम सुद्धा! टिम फेरिसने २००७ मध्ये 'फोर अवर वर्कवीक'मध्ये तो लेख घेतला आणि जगभरच्या हौशी उद्योजकांना कळलं की भारतात किंवा फिलिपिन्समध्ये एक असिस्टंट ठेवता येते.

लेख वाचताना हसू येतं, खोटं कशाला बोलू. पण मला दोन्ही वेळा असं वाटलं की ही गोष्ट पलीकडून कुणीतरी लिहायला हवी होती. रात्रीच्या पाळीत बंगळूरला बसून अनोळखी माणसाची काळजी करणाऱ्या मुलीने. तिची त्या लेखातली हुशारी, तिची पत्रांतली अदब, ती सगळी जेकब्जला आवडते. पण त्यातून तिच्या हातात काय जमा झालं? क्लायंट कंपनीचा, दर कंपनीचा, शाबासकीही कंपनीला. म्हणजे केली गर्लच, फक्त तिला समुद्र ओलांडावा लागला नाही.

मग आल्या फ्रीलान्सिंगच्या साइट. ईलान्स आणि ओडेस्क एकत्र झाल्या आणि २०१५ मध्ये त्यांचं नाव अपवर्क झालं. मधली कंपनी गेली, क्लायंट थेट भेटू लागला, हे फार चांगलं झालं. पण तिथे तासावर काम घेतलं आणि त्यांचं ट्रॅकर वापरलं की तुमच्या स्क्रीनचे तासाला सहा फोटो काढले जातात, किती कळा दाबल्या आणि माउसवर किती क्लिक केले तेही मोजलं जातं. मिनिटाला शब्द किती! टायपिंग पूलची बाई घरी बसवली, हॉलमधला सुपरवायझर मात्र सोबत पाठवला. ठरावीक किमतीचं काम घेतलं तर हे फोटो नसतात. १९६२ ची युक्ती अजून तशीच्या तशी चालते, हे पाहून मला गंमत वाटली.

आता मधेच एआयचं काय, असं तुम्ही विचारणारच. मी इंजिनिअर माणूस, भविष्य सांगत नाही. पण एक जुनी गोष्ट सांगतो. फेसबुकने ऑगस्ट २०१५ मध्ये मेसेंजरमध्ये 'एम' नावाचा असिस्टंट आणला, थोड्याच लोकांसाठी. टेबल बुक कर, फुलं पाठव, फोन कंपनीशी भांड, सगळं करायचा. कसं? तर मागे माणसं बसलेली होती. यंत्र त्यांच्याकडून शिकेल अशी कल्पना. जानेवारी २०१८ मध्ये तो बंद झाला. म्हणजे १८९० मध्ये बाईला यंत्राचं नाव दिलं होतं, २०१५ मध्ये माणसांना यंत्राच्या मागे लपवलं. आजची यंत्रं त्याहून फारच पुढे गेली आहेत, हे मान्य. ईमेलचा मसुदा, मीटिंगचं टिपण, कॅलेंडर जुळवणं, या गोष्टी तासावर विकणाऱ्यांचं अवघड आहे आणि ते गोड शब्दांत सांगण्यात अर्थ नाही. ज्याला ठरलेलं काम ठरलेल्या वेगाने हवंय त्याला तिथे माणूस लागणार नाही. कोरा कागद वाचणारा मात्र लागेल. तो कागद वाचायला समोरच्या माणसाचे दोन-तीन वर्षांचे व्यवहार, त्याचे रुसवे, त्याचे पैसे थकवणारे गिऱ्हाईक हे सगळं माहीत असावं लागतं. आणि महत्त्वाचं, चुकलं तर कुणाला धरायचं ते ठरलेलं असावं लागतं.

मावसबहिणीला मी हे सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "चिटणीस ठीक आहे रे, पण मी इन्व्हॉइसवर काय लिहू?" मग आम्ही एका रविवारी तिच्या कामाची वहीच काढली. तीन क्लायंटपैकी एक फिजिओथेरपिस्ट बाई. तिच्याकडे तासाचा दर, तासाला इनबॉक्स बघणं, त्याच त्या पेशंटना तेच ते मेल. पण नीट बघितलं तर ही मुलगी प्रत्यक्षात काय करत होती, की कुठला पेशंट अपॉइंटमेंट घेऊन येत नाही, कुणाला आदल्या दिवशी फोन करावा लागतो, विम्याचे पैसे कुठे अडकतात, हे सगळं तिला तोंडपाठ. टेस्टिंगमधली सवय, कुठे फुटणार ते आधी शोधायचं. त्या क्लिनिकच्या रिकाम्या जाणाऱ्या वेळा तिने जवळजवळ संपवल्या होत्या आणि बिल लावत होती 'ईमेल मॅनेजमेंट'चं!

तिने तीन गोष्टी केल्या. आपण कसं काम करतो ते सगळं लिहून काढलं, आणि ती वही स्वतःजवळ ठेवली, क्लायंटच्या ड्राइव्हमध्ये नाही. क्लायंटची गुपितं त्यात नाहीत, फक्त पद्धत आहे. दुसरं म्हणजे, नवीन काम घ्यायचं तर छोट्या दवाखान्यांचं आणि क्लिनिकचंच, कारण तिथे आधीच्या वर्षाचं ज्ञान पुढच्या वर्षी विकता येतं. आणि तिसरं, तिघांनाही मेल लिहिलं की एक तारखेपासून तास नाही, महिन्याचा एक आकडा, आणि त्यात काय काय होईल ते खाली लिहिलंय. ट्रॅकर बंद.

फिजिओथेरपिस्ट बाईंनी दुसऱ्या दिवशी हो म्हटलं आणि आपल्या ओळखीच्या एका दंतवैद्याचं नाव दिलं. दुसऱ्याने आकडा थोडा खाली ओढला, ते चालतंच. तिसऱ्याने सांगितलं की मला तासाचाच हिशेब बरा वाटतो आणि स्क्रीन दिसली पाहिजे. त्याचं काम तिने महिनाअखेरीला सोडलं. त्या महिन्यात पैसे कमी आले, आणि मावशी अजूनही मला विचारते की चांगलं चाललेलं काम पोरीला सोडायला कुणी सांगितलं.